मांजराच्या अंगावरील गांठी व केस गळणें

आमच्या विद्यालयाच्या वसतिगृहांत मनी नांवाची एक करड्या रंगाची मांजरी आहे. तिला कोणी विकत आणलें नाहीं किंवा मुद्दाम पाळलेंहि नाहीं. चार वर्षांपूर्वीं एका पावसाळी रात्रीं ती कोठाराच्या पायरीवर येऊन बसली, ती तेथेंच राहिली. धान्याच्या पोत्यांवर पहारा करणें ही तिची चाकरी, आणि भोजनगृहाच्या मागल्या दारीं मिळणारें माशाचें डोकें हें तिचें वेतन. अशा ह्या निरुपद्रवी प्राण्यावर गेल्या श्रावणांत मोठें संकट ओढवलें.

झालें असें कीं, आठव्या इयत्तेंतील चार मुलांच्या मानेवर व दंडांवर तांबूस कडेचे, खाजणारे, गोल चट्टे उठले. त्याच सुमारास मनीच्या पोटावरील केस नाहींसे झाल्याचें कोणाच्या तरी दृष्टीस पडलें. दोन गोष्टी एकाच वेळीं घडल्या म्हणजे त्यांतील एक दुसरीचें कारण असलीच पाहिजे, असें ठरविण्यास मनुष्यास फार वेळ लागत नाहीं. सायंकाळच्या घंटेपूर्वींच निवाडा झाला, कीं मनीस पोत्यांत घालून नदीपलीकडे सोडून यावें. ज्यांस तिची थोडी दया आली त्यांनीं दुसरा उपाय सुचविला. तो असा कीं, तिला फिनेलच्या पाण्यानें स्वच्छ धुवावें, म्हणजे रोग जाईल आणि मांजरहि राहील.

हा दुसरा उपाय ऐकून आम्हांस स्वस्थ बसवेना. त्याचें कारण पुढें येईल. आम्हीं मनीस पोत्यांत जाऊं दिलें नाहीं, आणि फिनेलच्या बादलींतहि जाऊं दिलें नाहीं. दुसऱ्या दिवशीं तिला झांकणाच्या टोपलींत घालून तालुक्याच्या पशुवैद्यकीय दवाखान्यांत नेलें. ज्या दोन मुलांनीं पोतें आणून ठेविलें होतें त्यांनाच आम्हीं टोपली धरावयास बरोबर घेतलें. तेथें आम्ही तिघेहि जें शिकलों, व पुढें वाचून जें समजून घेतलें, तें विद्यालयांतील इतर विद्यार्थ्यांस आणि त्यांच्या पालकांसहि उपयोगीं पडेल, ह्या हेतूनें हा लेख लिहीत आहों.

खूण आणि कारण

प्रथम एक गोष्ट ध्यानांत धरावी. केस गळणें हा कांहीं एक विशिष्ट रोग नव्हे, आणि गांठ हाहि नव्हे. ताप जसा हिवतापाचा असतो, विषमज्वराचा असतो, किंवा साध्या पडशाचाहि असतो, व केवळ कपाळास हात लावून तो कशाचा हें सांगतां येत नाहीं, तसाच प्रकार येथें आहे. त्वचा ही खूण दाखविते. कारण आपण शोधावयाचें असतें. खूण पुसून टाकल्यानें कारण नाहींसें होत नाहीं.

मांजराचे केस दोन रीतींनीं जातात. एक रीत अशी कीं, ते मुळाशीं दुखावून गळतात किंवा ठिसूळ होऊन मोडतात. दुसरी अशी कीं, मांजर स्वतःच ते चाटून चाटून तोडतें. मांजराच्या जिभेवर घशाकडे वळलेले शेंकडों बारीक कांटे असतात. आपलीं नखें ज्या केराटिन नांवाच्या द्रव्याचीं बनलेलीं असतात, त्याच द्रव्याचे हे कांटे असल्यामुळें ती जीभ कानशीसारखी खरखरीत लागते. निरोगी मांजरहि आपल्या जागेपणाचा बराच वेळ अंग चाटण्यांत घालवितें. कांहीं कारणानें हें चाटणें वाढलें कीं त्या जागेचे केस खुंटतात. शिवाय पुष्कळ मांजरें हें एकांतांत करतात, त्यामुळें धनी शपथेवर सांगतो कीं, आमचें मांजर फारसें चाटीत नाहीं, केस आपोआपच गळतात. अशा वेळीं डॉक्टर दोन चार केस उपटून सूक्ष्मदर्शक यंत्राखालीं पाहतात. केसाचें टोंक निमुळतें असेल तर तो तुटलेला नाहीं. टोंक मध्येंच तुटून फाटलेलें दिसलें तर तें जिभेचें काम. एका केसाची ही साक्ष धन्याच्या शपथेपेक्षां अधिक विश्वसनीय असते.

केस जाण्याचीं चार मुख्य कारणें

पहिलें व सर्वांत सामान्य कारण म्हणजे पिसवा. पिसू चावते तेव्हां तिची लाळ त्वचेंत शिरते, व कित्येक मांजरांस ती लाळ सोसत नाहीं. अशा मांजरास अंगभर पिसवा असाव्या लागत नाहींत. थोड्या दंशांनींहि त्याच्या सर्वांगास खाज सुटते. मानेवर, कमरेवर व शेपटीच्या मुळाशीं हात फिरविला असतां बाजरीच्या दाण्यांसारख्या बारीक खपल्या बोटांस लागतात. मांजर चाटतां चाटतां पिसवा गिळून टाकतें, म्हणून त्या पुष्कळदां दिसतच नाहींत. तथापि त्यांची विष्ठा दिसते. दाट दातांच्या फणीनें मांजर विंचरून जी काळी भुकटी पडेल ती पांढऱ्या ओल्या कागदावर टाकावी. ती विरघळून भोंवतीं तांबूस डाग पसरला तर तें पचलेलें रक्त होय, आणि पिसवांचा गुन्हा शाबीत झाला असें समजावें. डाग न पसरल्यास ती नुसती माती. हा प्रयोग कोणाहि विद्यार्थ्यास घरीं करतां येईल. पिसवेचीं अंडीं मांजराच्या अंगावर न राहतां खालीं गळतात. अळ्या चटईंत, गादींत व फरशीच्या भेगांत वाढतात. आणि कोषांतील पिसू कित्येक आठवडे दडून राहूं शकते. म्हणून मांजरास औषध देऊन तिची गादी तशीच ठेवणें म्हणजे अर्धेंच काम करणें होय. पट्टकृमीची एक जात पिसवेच्या पोटांतून मांजराच्या पोटांत जाते, हीहि गोष्ट येथें सांगून ठेवावी.

दुसरें कारण नायटा. ह्यास इंग्रजींत वर्तुळाकार किड्याचें नांव आहे, परंतु त्यांत किडा मुळींच नाहीं. ती बुरशी आहे. १८४० नंतरच्या कांहीं वर्षांत पॅरिस येथें डेव्हिड ग्रुबी नांवाच्या वैद्यानें सूक्ष्मदर्शकानें ही गोष्ट सिद्ध केली. मांजरांत आढळणाऱ्या बुरशीस बहुधा मायक्रोस्पोरम कॅनिस म्हणतात. ती केसांत शिरून त्यांस ठिसूळ करते. त्यामुळें डोक्यावर, कानांवर व पुढल्या पायांवर गोलसर, कोंडा धरलेलें टक्कल पडतें. लहान पिलांस ती अधिक होते. लांब केसांच्या पर्शियन मांजरांत तर कधीं कधीं बाहेरून कांहींच खूण न दिसतां ती वास करते. ही बुरशी मनुष्यास, विशेषतः मुलांस, लागूं शकते. तिचे बीजाणु गळलेल्या केसांबरोबर घरांत पडून अनुकूल परिस्थितींत वर्ष दीड वर्षहि जिवंत राहतात.

ह्या बुरशीच्या परीक्षेस एक नामी साधन आहे. अमेरिकन पदार्थवैज्ञानिक रॉबर्ट वुड यानें १९०३ सालीं एक प्रकारची काच तयार केली. तिच्यांतून डोळ्यांस दिसणारा प्रकाश बहुतेक अडविला जाऊन अतिनील किरण बाहेर पडतात. १९२५ सालीं फ्रान्समधील दोघां वैद्यांनीं ह्या दिव्याचा उपयोग केसांतील बुरशी ओळखण्याकडे केला. अंधाऱ्या खोलींत तो दिवा धरला असतां मायक्रोस्पोरमनें ग्रासलेला केस कोंवळ्या हिरव्या रंगानें चमकतो. मात्र प्रत्येक रोगी केस चमकतोच असें नाहीं. म्हणून दिवा न चमकल्यास रोग नाहीं असें न मानतां, केस व कोंडा पोषक द्रव्यावर ठेवून बुरशी उगवते कीं काय हें पाहतात. त्यास दोन ते तीन आठवडे लागतात.

तिसरें कारण लूत. ही एका अतिसूक्ष्म, डोळ्यांस न दिसणाऱ्या किड्यामुळें होते. मांजराच्या लुतीची सुरुवात बहुधा कानाच्या कडेपासून होते; मग ती कपाळ, पापण्या व मान यांवर पसरते. त्वचा जाड होऊन तिच्यावर करड्या खपल्यांचे थर बसतात, आणि खाज इतकी असते कीं मांजर नखांनीं रक्त काढतें. एका मांजराची लूत दुसऱ्या मांजरांस झपाट्यानें लागते, व तें मांजर कुशींत घेणाऱ्या मनुष्यासहि कांहीं दिवस खाज सुटूं शकते. आज हिच्यावर उत्तम औषधें आहेत. मानेमागें त्वचेवर टाकावयाचे थेंब त्यांपैकींच होत. ज्या औषधकुळांतील तें एक औषध आहे, त्या कुळाच्या शोधाबद्दल विल्यम कॅम्पबेल व सातोशी ओमुरा यांस २०१५ सालचें नोबेल पारितोषिक विभागून मिळालें. पण ह्या औषधांचें प्रमाण मांजराच्या वजनावर ठरतें. गुरांकरितां आणलेल्या बाटलींतून अंदाजानें चार थेंब मांजरास देणें हा प्रकार कोणीं करूं नये.

चौथें कारण आंतलें दुखणें किंवा मनाची अस्वस्थता. मूत्राशय सुजलें असतां मांजर ओटीपोट चाटीत राहतें. सांधा दुखत असेल तर त्या सांध्यावरील केस चाटून काढतें. घर बदललें, दुसरें मांजर आलें, किंवा नित्याचा मनुष्य दूर गेला, तरीहि कांहीं मांजरें असें करतात. परंतु मनाचें कारण सर्वांत शेवटीं मानावें. शरीराचीं सर्व कारणें तपासून नाहींत असें ठरल्याखेरीज मांजरास उगीच हळवें म्हणूं नये.

गांठी

आतां गांठींकडे वळूं. बाहेर हिंडणाऱ्या बोक्याच्या अंगावर एकाएकीं गांठ आली तर ती पुष्कळदां गळूं असतें. दोन बोके भांडले म्हणजे सुळ्याचा दात त्वचेंत खोल जातो. बाहेरचें छिद्र लागलीच मिटतें; पण दातावरचे जंतु आंत राहून दोन ते पांच दिवसांत पू धरतो. जागा ऊन व दुखरी होते, मांजरास ताप येतो, तें खात नाहीं व कोपऱ्यांत जाऊन बसतें. गळूं फुटल्यावर त्या जागेचे केसहि जातात. हें डॉक्टरांकडून कापून धुवून घ्यावें. घरीं दाबून पिळूं नये, कारण त्यानें पू आंत पसरण्याचें भय असतें. बोक्याची खच्ची केली असतां त्याचें हिंडणें व भांडणें बरेंच कमी होतें, आणि हीं गळवेंहि कमी होतात.

दुसरी एक गांठ अशी असते कीं, ती पाहून धनी घाबरतो, पण ती तितकी भयंकर नसते. वरचा ओंठ सुजून त्यावर व्रण पडतो, किंवा मांडीच्या मागल्या बाजूस दोरीसारखी लांबट, टणक रेघ उठते. ही बहुधा पिसवांची, डांसांची किंवा एखाद्या अन्नाची न सोसणारी बाधा असते, व कारण दूर केल्यावर ती ओसरते.

तिसरा वर्ग खऱ्या अर्बुदांचा. ह्यांत साधीं असतात तशीं घातकीहि असतात, आणि नुसत्या हातानें चांचपून कोणती कसली हें मोठ्या डॉक्टरांसहि निश्चित सांगतां येत नाहीं. म्हणूनच बारीक सुईनें गांठींतील पेशी काढून त्या सूक्ष्मदर्शकाखालीं पाहण्याची चाल आहे. ह्या वर्गांतील तीन गोष्टी प्रत्येक पालकानें लक्षांत ठेवाव्या.

पहिली गोष्ट स्तनांतील गांठ. मांजरीस बहुधा आठ स्तन असतात, व त्यांतील गांठ दहांपैकीं आठ नऊ वेळां कर्करोगाची निघते. येथें आकाराचें महत्त्व फार आहे. गांठ दोन सेंटीमीटरांहून लहान असतांना काढली तर पुष्कळ मांजरी त्यानंतर कित्येक वर्षें जगतात. तीन सेंटीमीटरांहून मोठी होऊं दिली तर बहुधा महिन्यांचाच हिशेब उरतो. मांजरी सहा महिन्यांची होण्यापूर्वीं तिची गर्भाशय व अंडाशय काढण्याची शस्त्रक्रिया केली तर ह्या रोगाचा धोका सुमारें नव्वद टक्क्यांनीं कमी होतो.

दुसरी गोष्ट पांढऱ्या मांजरांची. ज्यांचे कान व नाक पांढरें असतें त्यांस तेथें कडक उन्हापासून कर्करोग होतो. प्रथम कानाच्या शेंड्याचे केस विरळ होतात, कड तांबूस होते, मग एक न भरणारी खपली बसते. अशी खपली भांडणाची जखम समजून महिनोन्‌महिने सोडून देऊं नये. आणि असें मांजर भर दुपारीं पत्र्यावर झोंपूं देऊं नये.

तिसरी गोष्ट लशीच्या जागेची गांठ. लस टोंचल्यावर तेथें लहानशी गांठ येते व कांहीं आठवड्यांत जिरते. ती तीन महिन्यांनंतरहि राहिली, किंवा दोन सेंटीमीटरांहून मोठी झाली, किंवा लस दिल्यावर एक महिना लोटूनहि वाढतच राहिली, तर ती तपासून घ्यावी. कारण फार क्वचित् तेथें घातक अर्बुद होतें. परंतु ह्या दुर्मिळ गोष्टीच्या भयानें पिसाळरोगाची लस चुकविणें हा शुद्ध अविचार होईल. आपल्या देशांत तो रोग आहे, आणि एकदां लक्षणें दिसूं लागल्यावर त्यांतून मनुष्य किंवा मांजर बहुधा वांचत नाहीं.

फिनेलची बादली

फिनेलचें नांव ऐकून आम्हांस स्वस्थ कां बसवेना, तें आतां सांगतों. आमच्या बालपणीं घरीं काळू नांवाचा एक बोका होता. एके वर्षीं त्याच्या मानेवरील केस जाऊन खपल्या धरल्या. शेजारच्या एका वडीलधाऱ्या गृहस्थांनीं सांगितलें कीं, फिनेल लावा, जंतु मरतील. सांगणाऱ्याच्या मनांत हित होतें, आणि लावणारे हात आमचेच होते. काळूनें सुटतांच आपल्या स्वभावाप्रमाणें अंग चाटावयास प्रारंभ केला. दिवेलागणीस त्याच्या तोंडांतून लाळ गळूं लागली, अंग थरथरूं लागलें, आणि पहाटे तो मेला. त्याचा रोग काय होता हें आम्हांस आजतागायत समजलें नाहीं. पण तो रोगानें मेला नाहीं, आमच्या उपायानें मेला, हें मात्र पुढें समजलें.

ह्यामागील शास्त्र असें आहे. फिनॉल व त्याच्या जातीचीं द्रव्यें शरीरांत गेलीं असतां त्यांस निरुपद्रवी करून बाहेर टाकण्याचें काम यकृत करतें. मनुष्याच्या व कुत्र्याच्या यकृतांत त्याकरितां जी शक्ति असते ती मांजराच्या यकृतांत फार थोडी असते. ह्याच उणीवेमुळें आपणांस तापांत आराम देणारी पॅरासिटामॉलची एक गोळीहि मांजराचा प्राण घेऊं शकते. परमेथ्रिन नांवाचें औषध कुत्र्यांच्या पिसवांवर सर्रास वापरतात. तेंच मांजराच्या अंगावर टाकलें तर त्यास झटके येतात. त्यांत भर ही कीं, मांजराच्या अंगावर जें लावाल तें पोटांत गेलेंच म्हणून समजावें, कारण त्याची जीभ तें तेथें राहूं देत नाहीं. तेव्हां फिनेल, रॉकेल, टर्पेंटाइन, सुगंधी अर्कतेलें, कुत्र्यांचीं पिसवांचीं औषधें आणि मनुष्यांचीं मलमें हीं मांजरास कदापि लावूं नयेत. चुकून लागल्यास जागा सौम्य साबणानें धुवून, कपड्यांत गुंडाळून त्यास चाटूं न देतां, तात्काळ दवाखाना गांठावा. लावलेल्या वस्तूची बाटली बरोबर न्यावी.

मग करावें काय?

आठवड्यांतून एकदां, मांजर पोट भरून निवांत पडलेलें असतांना, त्याच्या अंगावरून डोक्यापासून शेपटीपर्यंत सावकाश हात फिरवावा. कानांची कड, हनुवटी, कांखा, पोटावरील दोन्ही रांगा, मांड्यांची मागली बाजू, शेपटीचें मूळ, अशी जागावारी करावी. केस विरळ वाटले किंवा गांठ लागली तर वहींत तारीख, जागा व आकार लिहून ठेवावा. आकार मोजपट्टीनें मिलिमीटरांत घ्यावा. हरभरा, वाटाणा, लिंबू हीं मापें घरोघरीं निराळीं असतात. गांठ वाढली कीं नाहीं ह्या प्रश्नास आठवण नीट उत्तर देत नाहीं; वही देते. जी गांठ महिनाभर टिकते, किंवा वाढते, किंवा फुटते, ती दाखविलीच पाहिजे. स्तनांतील गांठीस तर महिन्याचीहि सवड देऊं नये.

नायट्याचा संशय असेल तर निकाल येईपर्यंत मांजर एका स्वच्छ, पुसतां येणाऱ्या खोलींत ठेवावें, लहान मुलांनीं त्यास कुशींत घेऊं नये, हाताळल्यावर साबणानें हात धुवावे, आणि गळलेले केस रोज झाडून काढावे. चादरी नेहमींच्या साबणानें दोनदां धुवून उन्हांत वाळवाव्या. उपचार आठवड्यांचा नव्हे, महिन्यांचाहि असूं शकतो. केस उगवले म्हणून मध्येंच सोडूं नये. मुलांच्या अंगावर चट्टा उठल्यास त्वचारोगाच्या डॉक्टरांस दाखवावें. दुकानांतून आणलेल्या मलमांत स्टिरॉइड असलें तर खाज थांबून बरें वाटतें, पण बुरशी मात्र आंत वाढत जाते, व पुढें खरें औषधहि लवकर लागू पडत नाहीं. अनेकांनीं अशा मलमांनीं साधा नायटा हट्टी करून घेतला आहे.

मांजरास कोठें न्यावें, असा प्रश्न खेड्यांतील पालक विचारतील. गुरांचा दवाखाना म्हणून ज्यास आपण ओळखतों, तेथें मांजरहि नेतां येतें. मुंबईस परळ येथें १८८६ सालीं पशुवैद्यकाचें महाविद्यालय सुरू झालें. तेव्हांपासून आपल्या प्रांतांत ह्या विद्येचे शिकलेले डॉक्टर तयार होत आले आहेत. मांजर फुकट मिळतें म्हणून त्याच्या दुखण्यास डॉक्टर कशास, असें म्हणण्याची जी रीत आहे ती सोडली पाहिजे.

मनीचें काय झालें?

दवाखान्यांतील डॉक्टरबाईंनीं मनीस टेबलावर ठेवून प्रथम फणी फिरविली. ओल्या कागदावर तांबूस डाग पसरले. अंधाऱ्या खोलींत दिवा धरला. एकहि केस चमकला नाहीं. केस पोषक द्रव्यावर ठेविले. तीन आठवड्यांत बुरशी उगवली नाहीं. इकडे मुलांच्या चट्ट्यांचीहि परीक्षा झाली. त्यांत बुरशी निघाली, पण ती मांजराची नव्हे. मनुष्याकडून मनुष्याकडे जाणारी निघाली. चौकशीअंतीं समजलें कीं, चौघांचे पंचे पावसाळ्यांत एकाच दोरीवर ओले राहत, आणि जो हातीं येईल तो प्रत्येकजण वापरीत असे. म्हणजे रोग दोरीवर वाळत होता आणि शिक्षा कोठारांत बसलेल्या मनीस होणार होती. पंचे निराळे झाले, औषधें नियमानें घेतलीं, आणि मुलें बरीं झालीं.

परंतु गोष्ट येथें संपली नाहीं. मनीच्या उघड्या पडलेल्या पोटावरून बोटें फिरवितां फिरवितां डॉक्टरबाई थबकल्या. मागून दुसऱ्या स्तनापाशीं नऊ मिलिमीटरांची एक टणक गांठ होती. एरवीं ती केसांखालीं झांकली गेली असती. पिसवांच्या खाजेनें मनीनें केस चाटून काढले म्हणूनच ती हातास लागली. जिल्ह्याच्या मोठ्या पशुचिकित्सालयांत त्या बाजूच्या स्तनांची सबंध रांग काढावी लागली. गांठ कर्करोगाची असल्याचा लेखी निकाल आला. ज्या दोघांनीं पोतें आणलें होतें त्यांनींच वर्गांवर्गांतून हिंडून शस्त्रक्रियेची वर्गणी गोळा केली. असें करावें म्हणून आम्हीं त्यांस सांगितलें नव्हतें.

हें लिहितांना मनी कोठाराच्या पायरीवर बसली आहे. पोटावर केस पुन्हां आले आहेत व टांक्यांची रेघ त्यांत बुडाली आहे. तिला दर तीन महिन्यांनीं दवाखान्यांत न्यावयाचें आहे, आणि पुढें काय होईल हें आज डॉक्टरबाईहि सांगत नाहींत. तथापि जो काळ तिला मिळाला आहे, तो तिला मिळाला पाहिजे होता. नदीपलीकडे सोडली असती तर ती गांठ तिच्याबरोबर गेली असती, आणि मुलांचे चट्टे वसतिगृहांतच राहिले असते.

विद्यार्थीमित्रांनो, मुका प्राणी आपलें दुखणें बोलून दाखवीत नाहीं, व आरोप ठेविला असतां जबाबहि देत नाहीं. म्हणून त्याच्या बाबतींत पाहणें, मोजणें, लिहून ठेवणें आणि जाणत्यास विचारणें हें काम आपल्याकडे येतें. तें केल्यावर जो उपाय ठरेल तो करावा. तोंवर बादली आणि पोतें हीं दोन्ही जागच्या जागीं असूं द्यावीं.